हमीद दलवाई
हमीद उमर दलवाई (२९ सप्टेंबर, १९३२ - ३ मे, १९७७) हे मराठी साहित्यिक व मुस्लिम समाजसुधारक होते. त्यांचा जन्म चिपळूणजवळील मिरजोळी या गावी झाला. 'लाट' हा कथासंग्रह व 'इंधन' ही कादंबरी या त्यांच्या प्रसिद्ध साहित्यकृती होत.

१८ एप्रिल, १९६६ रोजी त्यांनी तोंडी तलाकच्या विरोधात सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. २२ मार्च, १९७० रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली.

तलाकचा प्रश्न मुलांच्या ताब्याशीही निगडित होता. हनफी परंपरेत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत व मुलगी वयात येईपर्यंत संगोपनाचा हक्क (हिजानत) आईकडे असतो. पालकत्व मात्र पित्याकडेच राहते. न्यायालये १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार मुलाचे हित पाहतात. तोंडी तलाक मात्र न्यायालयाबाहेरच होत असल्याने मुलांसाठी दाद मागण्याचा भार बहुधा एकट्या आईवर पडे. तलाक न्यायालयामार्फतच व्हावा, अशी मंडळाची मागणी होती.

मूत्रपिंडाच्या विकाराने दलवाईंचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाई यांनी मंडळाचे कार्य पुढे चालविले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरविला.