खिळ्यांपासून फॉन्टपर्यंत : ऑफिस सॉफ्टवेअर शिकताना मला भेटलेले शंकर आबाजी भिसे

आज कबुलीपासून सुरुवात करतो. फोनवर माझी बोटं कुणाला ऐकत नाहीत. रील एडिट करणं, फॉर्म भरणं, यूपीआय, सगळं झटपट. पण एका नोकरीच्या चाचणीत मला कॉम्प्युटरसमोर बसवलं, एक पान मराठी मजकूर आणि त्याखाली एक तक्ता करायला सांगितला, आणि माझी पार दांडी गुल झाली. मराठी टाइप कसं करायचं तेच कळेना. तक्ता मी स्पेसबार दाबून दाबून जुळवला. तो छापल्यावर असा वाकडातिकडा आला की बघवत नव्हता. नोकरी अर्थातच गेली.

वरळीच्या बीडीडी चाळीत आमची खोली १६० चौरस फुटांची. रडायला कोपरा शोधायचा म्हटलं तरी तिथे कुणीतरी आधीच बसलेलं असतं! त्या संध्याकाळी आजोबा म्हणाले की तुझं काम ते माझंच काम. आजोबा गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. उभं आयुष्य शिशाचे खिळे जुळवण्यात गेलं. बोलता बोलता त्यांनी एक नाव काढलं, शंकर आबाजी भिसे. खिळे ओतण्याचं यंत्र बनवणारा आपला मुंबईचा माणूस, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मी ठरवलं, ऑफिस सॉफ्टवेअर शिकायचं तर याच माणसाचं चरित्र टाइप करून शिकायचं. सरावाला खोटा मजकूर घेतला की कंटाळा येतो. खरा माणूस असला की पुढचं पान उघडावंसं वाटतं.

आधी काय लागतं?

मी लिबरऑफिस घेतलं. ते फुकट आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. त्यातले तीन भाग आपल्या कामाचे: लिहायला रायटर, हिशोबाला कॅल्क आणि सादरीकरणाला इम्प्रेस. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट शिकलात तरी तत्त्व तेच. कॉम्प्युटर नसेल तर फोनवर गूगल डॉक्स किंवा कोलाबोरा ऑफिस टाकून सुरुवात करता येते. मीसुद्धा अर्धा सराव गॅलरीत उभा राहून फोनवरच केला.

एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी करा. टूल्समध्ये ऑप्शन्स, तिथे भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' नावाची ओळ असते. तिच्यासमोर मराठी निवडा. आपली लिपी सॉफ्टवेअर याच गटात धरतं. हे केलं नाही तर फॉन्ट बदलूनही मराठी अक्षरं जागची हलत नाहीत, आणि आपण उगाच आपल्या नशिबाला बोल लावत बसतो.

धडा १ : मथळा म्हणजे नुसता जाड ठसा नव्हे

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. लहानपणापासून त्यांना यंत्रांचा नाद. चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी दगडी कोळशापासून गॅस तयार करणारं उपकरण बनवलं. सोळाव्या वर्षी मनाशी पक्कं केलं की आपण इंग्लंड किंवा अमेरिकेला जाऊन संशोधक व्हायचं. ना इंजिनिअरिंगचं कॉलेज, ना घरी कारखाना. पुढे विशीत त्यांना दृष्टिभ्रमाच्या खेळांचं वेड लागलं. एका वस्तूचं बघता बघता दुसऱ्या वस्तूत रूपांतर होताना दिसे, असे प्रयोग त्यांनी बसवले आणि इंग्लंडमधल्या प्रेक्षकांसमोरही करून दाखवले.

हा भाग टाइप करताना मी 'बालपण' हा शब्द निवडला, मोठा केला, बोल्ड केला. पुढे 'लंडन', 'न्यूयॉर्क' यांनाही तेच. मग वाटलं, मथळे जरा लहान हवेत. झालं, एकेक शोधून बदलत बसलो.

आजोबांना हे दाखवलं तर ते हसले. छापखान्यात मथळ्याचे खिळे वेगळ्या केसमध्ये असत, मजकुराचे वेगळ्या. हा मथळा आहे एवढं ठरलं की कुठल्या केसला हात घालायचा ते आपोआप ठरे. रायटरमधली 'स्टाइल' म्हणजे हेच. मथळ्याच्या ओळीत कर्सर ठेवा आणि कंट्रोल धरून १ दाबा, ती ओळ 'हेडिंग १' होते. आता स्टाइल एकदा बदलली की सगळे मथळे एकदम बदलतात. शिवाय इन्सर्ट मेन्यूमधून अनुक्रमणिका आपोआप तयार होते, पान क्रमांकांसकट.

धडा २ : तक्ता स्पेसबारने जुळवत नाहीत

१८९० च्या दशकात लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा ठेवली. दुकानात पीठ, साखर असा सुटा माल आपोआप मोजून देणारं यंत्र सुचवायचं होतं. भिशांनी मुंबईत बसून आराखडा काढला आणि तिथल्या इंजिनिअरांना मागे टाकून बक्षीस मिळवलं. मग मुंबईतली मोठी माणसं जागी झाली. दिनशा वाच्छा यांनी दादाभाई नौरोजींच्या नावे पत्र दिलं आणि ते घेऊन भिसे लंडनला पोचले. दादाभाई तिथल्या पार्लमेंटचे सदस्य राहिलेले. त्यांनी या तरुणाच्या मागे पाठबळ उभं केलं.

लंडनमध्ये भिशांनी काय काय केलं नाही? विजेच्या जाहिरात-पाट्या, स्वयंपाकघरातली उपकरणं, आपोआप पाणी सोडणारा संडास. (मजल्याच्या टोकाला सामायिक संडास असलेल्या आमच्या चाळीत या शोधाचं मोल वेगळं सांगायला नको!)

या यादीचा मी तक्ता केला. या वेळी स्पेसबारला हात लावला नाही. टेबल मेन्यूतून 'इन्सर्ट टेबल', दोन रकाने, पाच ओळी. पुढच्या चौकटीत जायला टॅबचं बटण. शेवटच्या चौकटीत टॅब दाबला की नवी ओळ आपोआप येते. चाचणीत एवढं माहीत असतं तर!

धडा ३ : फॉन्ट, आणि भिशांचं मोठं स्वप्न

आता गोष्टीचा गाभा. त्या काळी छापायचं तर प्रत्येक अक्षराचा धातूचा खिळा लागे. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस साच्यात ओतायचा, तो थिजला की खिळा तयार. १८८६ साली न्यूयॉर्कमध्ये लायनोटाइप आलं. ते अख्खी ओळ एका तुकड्यात ओतायचं. काम भराभर होई, पण एक अक्षर चुकलं तर पूर्ण ओळ पुन्हा ओतावी लागे. सुटे खिळे दुरुस्तीला सोपे, पण ते ओतायला वेळ लागे, कारण गरम धातूला थंड व्हायला वेळ हवा.

भिशांनी हीच गाठ सोडवायला घेतली. त्यांचं यंत्र 'भिसोटाइप' मिनिटाला १,२०० खिळे ओतू शकतं, असा दावा होता. लंडनच्या जाणकारांना आधी ते अशक्यच वाटलं. यंत्र होतं, नाव होत होतं. नव्हतं ते भांडवल. समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांनी पैसा उभा करण्याचा शब्द दिला, पण तो जमला नाही. दादाभाई वय झाल्याने १९०७ साली भारतात परतले. पुढच्या वर्षाच्या अखेरीला भिसेही सामान बांधून मुंबईच्या बोटीवर चढले.

त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. गोखल्यांनी या हरलेल्या प्रवाशाचं ऐकून घेतलं आणि त्यांची गाठ रतन टाटांशी घालून दिली. (हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, आपल्या काळातले रतन टाटा नव्हेत.) टाटांच्या पैशावर काम पुन्हा उभं राहिलं. मग पहिलं महायुद्ध आलं आणि तो आधारही सुटला. भिसे अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुधारलेल्या यंत्रासाठी कंपनी काढली. वरळीत आमच्या चाळी बांधल्या जात होत्या, त्याच १९२० च्या दशकात एक मुंबईकर तिकडे अक्षरं ओतण्याच्या खटपटीत होता.

आता आपल्या स्क्रीनवर या. इंग्रजीचं काम शंभरेक खिळ्यांत भागे. मराठीला मात्र काना-मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून शेकडो लागत. आजोबांच्या केसमध्ये 'क्ष' चा खिळा वेगळा असे. कॉम्प्युटरमध्ये तो वेगळा नसतो. युनिकोडने प्रत्येक मूळ अक्षराला एक नंबर दिलाय. 'क' चा नंबर २३२५, जगातल्या कुठल्याही फोनवर तोच. देवनागरीच्या मुख्य गटात अशा फक्त १२८ जागा आहेत. 'क्ष' लिहिताना आपण क, हलन्त आणि ष अशा तीन खुणा देतो, त्या जोडून आकार काढण्याचं काम फॉन्ट करतो.

माझी दुसरी फजिती इथलीच. चरित्राचा पहिला मसुदा मी एका दुकानात जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये करून घेतला होता. घरी फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. कारण जुन्या फॉन्टमध्ये आत नंबर इंग्रजी अक्षरांचेच असतात, वर फक्त मराठीचा मुखवटा. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मुखवटा गळून पडतो. म्हणून एक नियम पाठ करा: मराठी नेहमी युनिकोडमध्येच टाइप करायचं.

त्यासाठी विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिका. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. इंग्रजी 'के' च्या बटणावर 'क' च आहे, तिथून सुरुवात करा. रोज अर्धा तास दिला, तर महिन्याभरात माझी बोटं बघायची सवय सुटली.

धडा ४ : भिसे किती वर्षं जगले? कॅल्कला विचारा

न्यूयॉर्कमध्ये भिसे खिळ्यांवर थांबले नाहीत. आयोडिनचं एक औषध त्यांनी तयार केलं आणि 'अॅटोमिडिन' नावाने ते विकलं गेलं. ज्याच्याशी त्यांची तुलना व्हायची त्या एडिसनला ते प्रत्यक्ष भेटले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांचं निधन झालं.

वय काढू या. साधी वजाबाकी केली, १९३५ वजा १८६७, तर उत्तर ६८ येतं. ते चुकीचं आहे. वाढदिवसाला २२ दिवस बाकी होते, म्हणजे ते ६७ वर्षांचे होते.

कॅल्कमध्ये ए१ मध्ये जन्मतारीख टाका, ए२ मध्ये मृत्यूची. वर्षाचे चारही अंक लिहा, नाहीतर ६७ वरून सॉफ्टवेअर त्यांना १९६७ साली जन्माला घालेल! आकडे इंग्रजी अंकांत टाका, म्हणजे हिशोबात गोंधळ होत नाही. आता ए३ मध्ये बरोबरचं चिन्ह देऊन ए२ वजा ए१ लिहा. उत्तर येतं २४,८१४ दिवस (आकड्याऐवजी तारीख दिसली तर त्या सेलचं फॉरमॅट 'नंबर' करा). त्याला ३६५.२५ ने भागलं की ६७.९४. अडुसष्ट पूर्ण नाहीत, हे आकड्यानेच सांगितलं.

हेच एक्सेलमध्ये केलंत तर त्रुटी येईल. एक्सेलचं कॅलेंडर १९०० सालापासून सुरू होतं. त्याआधीची तारीख तो तारीख मानतच नाही, नुसता मजकूर समजतो. कॅल्कला १८६७ चालतं. आजी-आजोबांच्या आधीच्या पिढ्यांची वंशावळ करणार असाल तर हे लक्षात ठेवा.

धडा ५ : सेव्ह, आणि मग पीडीएफ

इम्प्रेसबद्दल एवढंच सांगतो: एका स्लाइडवर एकच मुद्दा. अख्खा परिच्छेद चिकटवलात तर लोक तुमच्याकडे बघणार नाहीत, भिंतीकडे बघून वाचत बसतील.

सेव्हचं मात्र मनावर घ्या. दर दोन-चार मिनिटांनी कंट्रोल-एस. स्वतःच्या कामाची प्रत ओडीटी फॉरमॅटमध्ये ठेवा, वर्डवाल्याला द्यायची तर डॉक्सएक्स, आणि छपाईला किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवायला पीडीएफ. पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलच्या आतच बसतो, त्यामुळे समोरच्याकडे तो असो वा नसो, पान जसंच्या तसं दिसतं. आजोबांच्या भाषेत सांगायचं तर छापलेल्या पानाबरोबर खिळेही पाठवल्यासारखं.

शेवटी

भिशांचं यंत्र जगभर चाललं नाही. शिशाच्या खिळ्यांचं युगही संपलं. आजोबांचा छापखाना बंद पडला तेव्हा त्यांच्या हातातलं कसब एका दिवसात बिनकामाचं झालं. मला याची भीती वाटायची. आज शिकलेलं उद्या जुनं होणार असेल तर शिकायचं कशाला? चरित्र टाइप करताना उत्तर सापडलं. भिसे वजनाच्या यंत्राकडून खिळ्यांकडे गेले, खिळ्यांकडून औषधाकडे. साधन बदललं की ते पुन्हा नवशिके झाले. आणि आजोबा? मथळा, समास, ओळींमधली जागा, मुद्रितशोधन हे सगळं त्यांनीच मला शिकवलं. माऊस त्यांनी एकदाही हातात धरला नाही.

दुसऱ्या ठिकाणच्या चाचणीत मी तक्ता सरळ केला. काम मिळालं.

चाळीचा पुनर्विकास सुरू आहे. काहीजण १६० फुटांतून नव्या इमारतीतल्या ५०० फुटांच्या घरात गेलेत, आम्हीही सामान आवरतोय. खोलीतलं बरंच काही मागे राहील. भिशांचं सहा पानी चरित्र मात्र पीडीएफ करून मी आमच्या इमारतीच्या ग्रुपवर टाकलंय. मुखपृष्ठावर नाव माझं आहे, आणि त्याखाली 'अक्षरजुळणी' असं लिहून आजोबांचं.

तुम्हीही आज रात्री एक माणूस निवडा, घरातला किंवा इतिहासातला. रायटर उघडा, पहिली ओळ लिहा आणि कंट्रोल-१ दाबा. चला, शिकणं सुरू झालं!