मेचनिकॉफ यांचे दही

एली मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ मध्ये आजच्या युक्रेनमधील खारकिव्हजवळ झाला. १८८२ मध्ये मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या अळीत काटा टोचला. काट्याभोवती पेशी जमल्या. जंतू गिळणाऱ्या पेशींच्या या संशोधनासाठी त्यांना १९०८ चे नोबेल मिळाले.

पुढे पॅरिसमध्ये त्यांनी मत मांडले, की आतड्यातील घातक जंतू वार्धक्य आणतात आणि आंबवलेले दूध त्यांना रोखते. ते स्वतः रोज असे दूध घेत. १९१६ मध्ये ७१व्या वर्षी हृदयविकाराने ते गेले. दह्यातील तो जंतू आतड्यात टिकत नाही, हे नंतर कळले.

नोबेल मिळाले ते पेशींसाठी, दह्यासाठी नव्हे. आजही प्रोबायोटिक गोळ्यांनी वजन घटते याला ठोस पुरावा नाही. जेवणात ताक जरूर घ्यावे. गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच.