नानाभाई मूस

मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाबा येथे, ईस्ट इंडिया कंपनीने इ. स. १८२६ मध्ये एक वेधशाळा स्थापन केली. पृथ्वी हा एक प्रचंड लोहचुंबक आहे. त्याच्या ओढीत घडणारे सूक्ष्म फरक टिपण्यासाठी १८४१ पासून तेथे टांगत्या चुंबकसुयांचे वेध घेण्यास आरंभ झाला. २ सप्टेंबर १८५९ रोजी या सुया एकाएकी बेभान झाल्या. निरीक्षकांनी त्यांची स्थिती डोळ्यांनी वाचून वहीत उतरविली. आदल्याच दिवशी इंग्लंडात कॅरिंग्टन नावाच्या ज्योतिर्विदास सूर्यावरील डागांपाशी एक विलक्षण लखलखाट दिसला होता.

योगायोग असा, की त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी एका पारशी कुटुंबात नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांचा जन्म झाला. एडिंबरो येथे उच्च शिक्षण घेऊन ते स्वदेशी परतले आणि १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. त्या पदावर येणारे ते पहिले भारतीय होत.

थोड्याच वर्षांत त्यांच्यापुढे एक बिकट प्रश्न उभा राहिला. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार होत्या. जेथे विजेचा प्रवाह, तेथे चुंबकत्व आलेच! ट्रामच्या प्रवाहाने सुया हालू लागल्या असत्या, तर हा कंप सूर्याचा की ट्रामचा, हे कोणी सांगावे? साठ वर्षांची तपश्चर्या मातीमोल होण्याची वेळ आली होती. शहराची सोय अडवून धरणे तर शक्य नव्हते.

नानाभाईंनी समुद्रापलीकडचे अलिबाग निवडले. तेथे लोखंडाचा अंशही येणार नाही, अशी दक्षता घेऊन नवी वेधशाळा उभी राहिली. पण जागा बदलली, की मोजमापही बदलते. नवी नोंद जुनीला जोडायची कशी? त्यासाठी १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले. दोहोंतील फरक नेमका कळला, तेव्हाच कुलाब्याचे चुंबकीय वेध थांबले. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली. या दोन वर्षांच्या दुहेरी कष्टांचे मोल मला इमारतीहूनही अधिक वाटते.

पुढे १९१० मध्ये नानाभाईंनी १८४६ ते १९०५ या काळातील नोंदी व त्यांचे विवेचन दोन भागांत प्रसिद्ध केले. चुंबकीय वादळे स्वैर असतात, असे वरवर पाहता वाटे. नानाभाईंनी अनेक वादळांची सरासरी काढली. तीत एक क्रम आढळला: प्रथम पृथ्वीची आडवी चुंबकीय ओढ किंचित वाढते, मग काही तास ती घटत जाते, आणि नंतर दिवसामागून दिवस सावकाश पूर्ववत होते. वादळाचा हा स्वभाव कळल्यावाचून त्याचे भाकीत कोण करणार?

सूर्य कधी कधी विद्युतभारित कणांचे प्रचंड लोट बाहेर फेकतो. ते बहुधा एक ते तीन दिवसांत पृथ्वीपाशी पोहोचतात आणि ही वादळे उठतात. मार्च १९८९ मधील अशा वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास बंद पडली. म्हणून आज शास्त्रज्ञ सूर्यावर अहोरात्र नजर ठेवून आगाऊ इशारे देतात.

नानाभाई १९१९ मध्ये निवृत्त झाले व १९३६ मध्ये निवर्तले. १८५९ च्या त्या वादळाचा जोर ठरविण्यासाठी शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये कुलाब्याच्याच नोंदी उघडल्या. तेथील आडवी ओढ दीड हजार नॅनोटेस्लांहून अधिक घसरली होती. अलिबागेत आजही वेध चालू आहेत.