पॉल रिव्हिअरची दौड

अमेरिकेंतील मुलांस पॉल रिव्हिअरची दौड तोंडपाठ असते; आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनींही ती इंग्रजी कवितेंत वाचली असेल. कवितेंतला स्वार एकटा आहे, आणि तो काँकर्ड गांवापर्यंत पोहोंचतो. खरा रिव्हिअर तेथें पोहोंचलाच नाहीं.

बॉस्टनचा हा चांदीकाम करणारा सोनार जुन्या पंचांगाप्रमाणें १७३४ सालच्या डिसेंबरांत जन्मला. बाप फ्रान्समधील ह्यूगनॉट पंथाचा. धर्मछळाच्या त्या काळांत तो पोरवयांतच अमेरिकेस आला होता. त्याचाच धंदा मुलानें उचलला.

१८ एप्रिल १७७५ च्या रात्रीं इंग्रज फौज काँकर्ड येथील दारूगोळा हस्तगत करण्यास निघाली, तेव्हां डॉक्टर वॉरेन यांनीं रिव्हिअरला नदीच्या वाटेनें व विल्यम डॉझ याला खुष्कीनें धाडलें. रिव्हिअर होडींतून पलीकडे उतरला, उसन्या घोड्यावर बसला, आणि वाटेंत घरोघर इशारा देत मध्यरात्रीच्या सुमारास लेक्सिंग्टनला ॲडम्स व हॅनकॉक या पुढाऱ्यांकडे गेला. मागून डॉझ आला. दोघे पुढें निघाले, तों प्रेस्कॉट नांवाचा एक तरुण डॉक्टर त्यांस मिळाला. वाटेंत इंग्रजी पहाऱ्यानें तिघांस अडविलें. प्रेस्कॉटनें घोडा दगडी कुंपणावरून उडविला व काँकर्डला खबर दिली, डॉझ निसटला, रिव्हिअर मात्र धरला गेला. त्याचा घोडा गेला, आणि तो पायींच परतला. पुढें त्यानें ही हकीकत एका पत्रांत स्वतःच लिहून ठेविली, व आपण धरले गेल्याचें लपविलें नाहीं. यास आम्ही त्याचा मोठेपणा समजतों.

चर्चच्या मनोऱ्यांतील दोन कंदिलांचेंही तसेंच. ते पलीकडच्या मित्रांस खूण म्हणून रिव्हिअरनेंच लावविले. कवितेंत तो स्वतः त्यांची वाट पाहत उभा आहे.

लाँगफेलोनें ही कविता १८६० सालीं रचिली. गुलामगिरीच्या प्रश्नावरून देश दुभंगण्याच्या बेतांत होता, आणि सर्वांस आपला वाटेल असा वीर कवीस हवा होता. तिघांचा एक झाला, हें काव्यास शोभलें. डॉझ व प्रेस्कॉट यांच्या वांट्यास मात्र विस्मृति आली.

१७७९ सालीं पेनॉब्स्कॉटच्या फसलेल्या स्वारींत रिव्हिअरवर हुकूम मोडल्याचा व भित्रेपणाचा आरोप आला. त्यानें स्वतःच लष्करी न्यायासनापुढें चौकशी व्हावी म्हणून वारंवार अर्ज केले, आणि १७८२ सालीं तो निर्दोष ठरला. ही गोष्ट मुलांस कोणी पाठ करावयास देत नाहीं.

उतारवयांत त्यानें घंटा ओतण्याचा व तांब्याचे पत्रे काढण्याचा कारखाना चालविला. १८१३ सालीं अमेरिकन मिशनचे पहिले मिशनरी मुंबईस उतरले, त्यांस धाडणारें मंडळ बॉस्टनचेंच. म्हातारा रिव्हिअर तेव्हां हयात होता. १० मे १८१८ रोजीं तो वारला. बॉस्टनच्या किंग्ज चॅपेलमधील मोठी घंटा १८१६ सालीं त्याच्याच कारखान्यांत ओतलेली आहे, व ती अद्याप वाजते.