मैदानावरचे गुरुजी : सय्यद अब्दुल रहीम



मुलाने चेंडू हाती घेतला की त्याचा अभ्यास बुडाला, अशी समजूत आपल्या समाजातील अनेक घरांत आजही आहे. ती कितपत खरी, हे ठरविण्यापूर्वी एका शाळामास्तरांचे चरित्र आपण अवश्य वाचावे. हे मास्तर म्हणजे भारतीय फुटबॉलचे थोर प्रशिक्षक मरहूम सय्यद अब्दुल रहीम होत.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या काळी आपला मराठवाडाही हैदराबाद संस्थानातच होता. तेथे १९१८ साली उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देणारे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. रहीमसाहेब याच विद्यापीठाचे पदवीधर आणि त्याच्या फुटबॉल संघातील खेळाडू. पुस्तक आणि मैदान या दोहोंची गोडी त्यांना तेथे लागली. पुढे त्यांनी शाळांतून अध्यापन केले आणि शारीरिक शिक्षणाची पदविकाही मिळविली.

१९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले. शिकविण्याची त्यांची रीत शिक्षकाचीच होती. पायात चेंडू घोळवत ठेवण्यास मनाई असलेले सामने ते भरवीत, म्हणजे मुलांना चटकन सोबत्याकडे चेंडू देण्याची सवय लागे. कमकुवत पायानेच खेळण्याचा सरावही ते करून घेत. तुलसीदास बलराम या गरीब घरच्या मुलाला सरावाला येणे परवडेना, तेव्हा सायकलच्या भाड्याचे पैसे त्यांनी स्वतः दिले. तोच मुलगा पुढे ऑलिंपिकमध्ये खेळला. रहीमसाहेबांच्या हैदराबाद पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला.

राष्ट्रीय संघाची धुरा हाती येताच १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळविले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १०-१ अशी दारुण हार झाली. आपले बहुतेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. त्यानंतर बूट सक्तीचे झाले आणि रहीमसाहेबांनी संघाची नव्याने घडण केली. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमविले. त्यांतील तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांचे होते. भारताने त्या स्पर्धेत चौथा क्रमांक पटकाविला.

खरी कसोटी १९६२ साली जाकार्ता येथे लागली. रहीमसाहेबांना कर्करोगाने गाठले होते, तरीही ते संघाबरोबर गेले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतावर २-० अशी मात केली. त्यातच बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला टाके पडले. रहीमसाहेब डगमगले नाहीत. त्यांनी जर्नेलसिंग यांना आघाडीवर खेळविले. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर होता आणि सुमारे एक लाख प्रेक्षकांचा जमाव भारताच्या विरोधात ओरडत होता. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी एकेक गोल केला आणि भारत २-१ असा विजयी झाला. त्या संघात हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती असे सारेच होते आणि गुरू एकच होता. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला पुन्हा मिळालेले नाही.

अवघ्या नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब अल्लाला प्यारे झाले. देश त्यांना जवळजवळ विसरला. २०२४ साली ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा कुठे नव्या पिढीला त्यांचे नाव कळले.

ज्या वर्षी जाकार्ताचा विजय मिळाला, त्याच १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतील मुले-मुली आज त्याच विद्यापीठाच्या संघात निवड होण्यासाठी झटतात. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही झटा. मात्र रहीमसाहेबांनी पदवी आणि खेळ या दोहोंपैकी एकालाही अंतर दिले नाही, हे ध्यानात ठेवा. आणि पालकहो, मुलांच्या दिनक्रमात संध्याकाळचा एक तास मैदानासाठी राखून ठेवा. फी आणि पुस्तकांप्रमाणे बुटांच्या जोडाचा खर्चही शिक्षणाचाच समजा. एखाद्या गरजू मुलाच्या सायकल-भाड्याला आपला हातभार लागला, तर या गुरुजींचे ऋण थोडेतरी फिटेल.