लोकमान्य नव्हे, रेव्हरंड टिळक: चर्चमध्ये आजही ज्यांची भजनं गायली जातात

टिळक म्हटलं की आधी आठवतात लोकमान्य. पण त्याच काळात, त्याच कोकणात, त्याच चित्पावन समाजात आणखी एक टिळक जन्माला आले होते. त्यांनी वेगळी वाट धरली आणि त्याची जबर किंमत मोजली. तरीही त्यांना जाऊन शंभर वर्षं उलटल्यावरही रविवारी मराठी चर्चमध्ये त्यांचीच गाणी घुमतात.

ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. आईचं छत्र लहानपणीच हरपलं. पुढे नाशिकला राहून त्यांनी संस्कृत शिकून घेतलं. कविता करायचे, कीर्तन करायचे, भाषणं द्यायचे. पण एका जागी टिकायचं नाही, हा स्वभाव. लग्न झालं मनू गोखले या अकरा वर्षांच्या मुलीशी. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या आणि उतरताना त्याने टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला. टिळक वाचत गेले. येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनात घर करून बसलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता यात काय एवढं, असं आज वाटू शकतं. पण त्या काळात धर्म बदलणं म्हणजे जात, नातलग, घर सगळं एका दिवसात तुटणं. लक्ष्मीबाईंना हा धक्का सहन झाला नाही. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांकडे राहिल्या. जवळपास पाच वर्षं नवरा-बायकोची ताटातूट झाली. नंतर त्या नगरला आल्या, तरी सोवळं सांभाळूनच. हळूहळू जातपात माणसानेच बनवली आहे, हे त्यांचं त्यांना पटलं आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचं कामाचं ठिकाण होतं अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते शिकवायचे, उपदेश करायचे. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. घरात अनाथ, गरीब मुलांचा राबता असायचा. बालकवी ठोमरेही याच घरात राहिले.

पण टिळकांना एक गोष्ट खुपत होती. माणूस ख्रिस्ती झाला की त्याचे कपडे, नाव, गाणं, सगळंच साहेबी का व्हावं? नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तनाचे प्रयोग आधीही झाले होते. टिळकांनी त्यात जीव ओतला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. म्हणून त्यांचा येशू अभंगात आला, ओवीत आला. ज्या गावकऱ्याला परदेशी चालीवरचं गाणं जिभेवर बसत नव्हतं, तो आता टाळ घेऊन गाऊ लागला.

१९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ या जुन्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादकही होते.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर माणूस स्थिरस्थावर होऊ पाहतो. टिळकांनी उलटं केलं. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही इथे जागा होती. परदेशी पैसा आणि परदेशी हुकूम यांच्याशिवाय मराठी मातीतला भक्तिसंघ उभा करायचा, हे त्यांचं स्वप्न होतं.

पण हाती वेळ फार थोडा होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. दरबार त्यांच्या मागे फार फुलला नाही. येशूचं चरित्र सांगणारं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही दहा-अकरा अध्यायांवरच थांबलं होतं.

ते पूर्ण कुणी केलं? लक्ष्मीबाईंनी. कधी शाळेत न गेलेल्या, बाप्तिस्म्याच्या बातमीने कोसळलेल्या त्याच बाईंनी पुढचे साठहून अधिक अध्याय लिहिले. त्या १९३६ मध्ये गेल्या आणि १९३८ मध्ये ग्रंथ छापून आला.

ज्यांनी त्यांचं प्रवचन ऐकलं, असं आज कुणी उरलेलं नाही. पण ‘उपासना संगीत’ हे पुस्तक उघडलं की पानोपानी टिळक भेटतात. लग्न असो, नाताळ असो की कुणाची अंत्ययात्रा, मराठी मंडळी त्यांचे शब्द गातात. अनेकांना गाताना कवीचं नावही ठाऊक नसतं. आपल्या पाळकाची आठवण त्यांनी अशी न कळत जपून ठेवली आहे.