राजकुमारी अमृत कौर : देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री

नागरिकशास्त्रात मंत्रिमंडळाचा भाग आला की मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. आपलं पौडचं सरकारी रुग्णालय कोणाच्या हाताखाली, दिल्लीच्या मंत्र्याच्या की मुंबईच्या? राज्यघटनेने दवाखाने आणि सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्य सूचीत टाकले आहेत. म्हणजे ग्रामीण रुग्णालय राज्य सरकारचं आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. यावर लगेच पुढचा प्रश्न येतो, मग केंद्राचा आरोग्यमंत्री करतो तरी काय? व्याख्या पाठ करून हे समजत नाही. पहिल्या आरोग्यमंत्र्यांचं आयुष्य सांगितलं की पटकन समजतं.

राजकुमारी हे काही लाडाने दिलेलं नाव नव्हतं. अमृत कौर खरोखरच कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या. वडील राजा हरनाम सिंग यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, आई बंगाली. अमृत कौर यांचा जन्म लखनऊचा, भावंडांत त्या सगळ्यात धाकट्या. शिक्षण इंग्लंडमध्ये झालं. अशा घरातली मुलगी देशकार्यात कशी आली? त्याचा धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांच्या वडिलांचे स्नेही. त्यांचं घरी येणं-जाणं असे आणि त्यांच्याच बोलण्यातून या मुलीला स्वातंत्र्याची ओढ लागली. पुढे १९१९ मध्ये मुंबईत गांधीजींची भेट झाली. पण म्हाताऱ्या वडिलांना सोडून जाणं जमेना. १९३० मध्ये वडील गेल्यावर त्या पूर्णपणे चळवळीत उतरल्या आणि तुरुंगातही गेल्या.

दुसरा धागाही पुण्याचाच. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. मुलींचं शिक्षण, बालविवाह हे त्या परिषदेचे विषय. अमृत कौर यांनी पुढे या परिषदेचं सचिवपद आणि अध्यक्षपदही सांभाळलं.

१९३४ पासून त्या गांधीजींच्या सोबत राहू लागल्या, नंतर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला. राजवाड्यातली बाई शेणामातीने सारवलेल्या झोपडीत राहून गांधीजींचा पत्रव्यवहार सांभाळायची. मला वाटतं, त्यांचं आरोग्यखात्याचं खरं प्रशिक्षण इथेच झालं. आश्रमात ग्रामसफाई हे रोजचं काम होतं. परचुरे शास्त्री नावाचे संस्कृत पंडित कुष्ठरोगी होते. लोक सावलीला उभे करत नसत, त्या काळात गांधीजी स्वतःच्या हाताने त्यांची शुश्रूषा करत. हे सगळं अमृत कौर यांच्या डोळ्यांसमोर घडलं. घटना समितीवरही त्या मध्य प्रांत व वऱ्हाडातूनच निवडून गेल्या, म्हणजे एका अर्थी आपल्याच प्रतिनिधी!

१९४७ च्या पहिल्या मंत्रिमंडळात त्या एकट्याच स्त्री होत्या. खातं मिळालं आरोग्याचं. तेव्हाची परिस्थिती मुलांना आकड्यांत सांगा. वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप आणि सुमारे आठ लाख मृत्यू, असा अंदाज होता. वर क्षय, देवी आणि फाळणीतून आलेल्या निर्वासितांच्या छावण्या. दवाखाने राज्यांचे, पण डास काही राज्याची हद्द पाहून थांबत नाही. म्हणून १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी डीडीटीची फवारणी झाली. घरातल्या आजी-आजोबांना विचारायला सांगा, भिंतीवर फवारणीची तारीख लिहून जाणारी माणसं त्यांना नक्की आठवतील. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. (पुढे डासांनी डीडीटी पचवलं आणि १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला, हेही लपवू नये.)

क्षयासाठी बीसीजी लसीची मोहीम १९४८ पासून सुरू झाली. तिला विरोध झाला आणि तोही कोणाचा, तर साक्षात राजाजींचा. लसीविरुद्ध त्यांनी जाहीर लिखाण केलं. राजाजी गांधीजींच्या निकटचे, अमृत कौर यांचे जुने सहकारी. तरी बाई हटल्या नाहीत, मोहीम चालूच राहिली. लसीकरणावर पालकसभेत वाद होतात तेव्हा हा प्रसंग सांगण्यासारखा आहे.

मात्र एका बाबतीत त्यांचं चुकलं असं मला स्पष्ट वाटतं. १९५२ मध्ये सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम घेतला. पण गांधीजींप्रमाणे अमृत कौर यांचाही साधनांना विरोध. संयम आणि सुरक्षित काळ एवढ्यावरच त्यांचा भर. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढून त्यापायी नोकरी गमावली होती. तीस वर्षांनीही खातं तिथवर पोचलं नव्हतं. बाळंतपणात पिचलेल्या बायकांचे यात बरेच दिवस वाया गेले.

आणि एम्स! देशात एक सर्वोत्तम वैद्यकीय संस्था हवी, अशी शिफारस भोर समितीने १९४६ मध्येच केली होती. पैसा नव्हता. अमृत कौर १९५० मध्ये जागतिक आरोग्य परिषदेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या आशियाई. बाहेर त्यांच्या शब्दाला वजन होतं. न्यूझीलंडने दहा लाख पौंड दिले, इतर देशांकडूनही मदत आली. फेब्रुवारी १९५६ मध्ये त्यांनी लोकसभेत विधेयक मांडलं आणि स्वतंत्र कायद्याने संस्था उभी राहिली. स्वतंत्र कायदा का? तर मंत्री बदलला तरी संस्थेचा कारभार तिच्याच हातात राहावा म्हणून. सेवाग्रामात राहिलेल्या बाईने दिल्लीत एवढं मोठं रुग्णालय का उभारलं, खेड्यांत का नाही, असं कोणी विचारेल. पण खेड्यात पाठवायचे डॉक्टर शिकवणारे प्राध्यापकच देशात पुरेसे नव्हते. ते आधी घडवायचे होते.

१९५७ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं आणि त्यांच्या जागी द. प. करमरकर आले. त्यानंतरही त्या राज्यसभेत होत्या, रेडक्रॉस, क्षयरोग आणि कुष्ठरोगाचं काम पाहत होत्या. ६ फेब्रुवारी १९६४ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांनी लग्न केलं नव्हतं. सिमल्याचं मॅनरव्हिल हे राहतं घर त्यांनी हयातीतच एम्सला देऊन टाकलं होतं, तिथल्या डॉक्टर आणि परिचारिकांना सुट्टीत चार दिवस विसावा मिळावा म्हणून.